लेयर लहान केला, पुन्हा मोठा केला आणि आईचा चेहरा धूसर झाला. मूळ फोटो न बिघडवता आकार कसा बदलायचा?

चाफेकळी

नमस्कार मंडळी.

पुढच्या महिन्यात माझ्या आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. कार्यालयाच्या दारातच तिच्या आयुष्यातल्या फोटोंचा एक मोठा बोर्ड लावायचा असं आम्ही भावंडांनी ठरवलं आणि फोटोशॉप थोडंफार येतं म्हणून काम माझ्याकडे आलं. ३६ इंच रुंद, २४ इंच उंच, १५० डीपीआय, म्हणजे इंचाला १५० ठिपके. एकूण २७ फोटो.

त्यातला सगळ्यात मोलाचा म्हणजे आईच्या पहिल्या मंगळागौरीचा, १९६४ सालचा. कृष्णधवल, ४ बाय ६ इंच, स्टुडिओत काढलेला. नऊवारी, नथ, अंबाड्यावर वेणी आणि उजव्या कानामागून सुटलेली एक बट. मूळ फोटो जळगावला मामाकडे असतो. भाचा तिकडे गेला तेव्हा त्याने ६०० डीपीआयवर स्कॅन करून आणला होता.

मी स्कॅन उघडला, सगळा सिलेक्ट केला, कॉपी करून बोर्डवर पेस्ट केला (म्हणजे त्याचा एक वेगळा थर, लेयर, झाला), कंट्रोल+टी दाबून एका कोपऱ्यात बसेल इतका, म्हणजे २५ टक्के केला. एंटर. सेव्ह करून फाइल बंद. आठवड्याने भाऊ म्हणाला, हा फोटो कोपऱ्यात कसा, हा तर मधोमध हवा. त्याचं बरोबर होतं. मी फाइल उघडून फोटोचा कोपरा धरून ओढला, तर आईचा चेहरा वाफ धरलेल्या काचेतून पाहावा तसा दिसायला लागला. नथीतल्या मोत्यांचा मिळून एक पांढरा ठिपका झालाय. बट तर दिसतच नाही.

आणि स्कॅनची फाइल? "बोर्डात आहेच की" म्हणून पेनड्राइव्ह रिकामा करताना मीच उडवली. दोन दिवस घास गोड लागलेला नाही.

प्रश्न दोन. हा फोटो आहे त्या फाइलमधून परत मिळेल का? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं?

रेषा

चाफेकळी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तेच महत्त्वाचं आहे. त्या फाइलमधून परत मिळणार नाही. फाइल उघडी असती तर हिस्टरीत मागे जाता आलं असतं. बंद केली की हिस्टरी संपली.

पण हातपाय गाळण्याआधी तीन ठिकाणी शोधा. भाच्याच्या फोनमध्ये किंवा मेलमध्ये स्कॅन आहे का? ज्या कॉम्प्युटरवर स्कॅन केला तिथे आहे का? आणि तुमची बोर्डाची फाइल गुगल ड्राइव्हवर सेव्ह होत होती का? ड्राइव्ह अशा फाइलच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस ठेवतं. फोटो लहान करण्यापूर्वी एकदा जरी सेव्ह केलं असेल तरी ती आवृत्ती तिथे सापडेल.

आता काय घडलं ते. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर म्हणजे २४०० बाय ३६०० पिक्सेल. साधारण ८६ लाख ठिपके. तुम्ही २५ टक्के केलं म्हणजे रुंदी पाव आणि उंचीही पाव. राहिले ६०० बाय ९००, म्हणजे ५ लाख ४० हजार. सोळातला एक भाग उरला, पंधरा भाग एंटर दाबल्याक्षणी गेले. परत मोठा करताना प्रोग्रॅमने ते पंधरा भाग आजूबाजूच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरले. फोटोशॉपची नेहमीची बायक्युबिक पद्धत शेजारच्या १६ ठिपक्यांकडे बघून नवा ठिपका ठरवते. अंदाज चांगला असतो, पण मोती किती होते हे त्याला ठाऊक नसतं.

दूध आटवून खवा केला आणि मग त्यात पाणी घातलं तर परत दूध होत नाही, तसंच हे.

चाफेकळी

रेषाताई, खव्याचं लगेच कळलं. ड्राइव्हवर नव्हतं, लॅपटॉपवरच होतं. भाच्याला फोन केला. त्याने सायबर कॅफेत स्कॅन केला होता, तिथे रोज संध्याकाळी सगळं पुसतात. म्हणजे मामाकडूनच परत मागवावा लागणार.

रेषा

मागवा, काही हरकत नाही. मूळ फोटो शाबूत आहे, हे सगळ्यात मोठं. फक्त मामांना सांगा की वॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की तो लहान होऊन, दाबला जाऊन येतो. मग पुन्हा खवा.

आता दुसरा प्रश्न. फोटो बोर्डवर आणल्यावर, लहान करण्याच्या आधी, लेयरच्या नावावर राइट क्लिक करून "कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट" निवडायचं. झालं. लेयरच्या छोट्या चित्राच्या कोपऱ्यात एक लहानशी खूण येते, ती दिसली की समजायचं. आता २५ टक्के करा, ५ टक्के करा, तिरका करा, सेव्ह करून महिनाभराने उघडा. मूळ २४०० बाय ३६०० आत जसेच्या तसे असतात. दर वेळी नवा आकार त्या मूळ फोटोवरून काढला जातो, आधीच्या लहान केलेल्यावरून नाही.

याहून सोपं म्हणजे कॉपी-पेस्ट करूच नका. फाइल मेनूतून "प्लेस एम्बेडेड" करा, किंवा फोल्डरमधून फोटो सरळ बोर्डवर ओढून आणा. तसा आणलेला फोटो आपोआप स्मार्ट ऑब्जेक्ट होऊन येतो, प्रेफरन्सेसमध्ये कुणी ते बंद केलेलं नसेल तर. तुम्ही पेस्ट केलात म्हणून तो साधा लेयर झाला.

खात्री करायची एक खूण सांगते, मी शिकवताना मुलांना हीच दाखवते. लेयर लहान करून एंटर दाबा. परत कंट्रोल+टी दाबा आणि वरच्या पट्टीत रुंदी-उंचीचे टक्के बघा. साधा लेयर असेल तर तिथे पुन्हा १०० टक्के दिसेल, म्हणजे तो आधीचं सगळं विसरला. स्मार्ट ऑब्जेक्ट असेल तर २५ टक्के दिसेल. त्याला आठवतंय की तो मुळात केवढा होता. १०० लिहिलं की परत जसाच्या तसा.

फ्लेक्सवाला_कोल्हापूर

ताईंनी सांगितलं ते अगदी बरोबर. आमचा धंदाच त्यावर चालतो. गणपतीत, शिवजयंतीला मंडळांचे फ्लेक्स येतात. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स, त्यावर ४०-४० कार्यकर्त्यांचे गोलातले फोटो. रात्री ११ वाजता फोन येतो, अमक्याचा फोटो वरच्या ओळीत घ्या आणि मोठा करा, तमक्याचा खाली. मशीन चालू करायच्या आधी पाच वेळा तरी आकार बदलतो. साधे लेयर ठेवले तर पाचव्या वेळेला माणूस ओळखू येणार नाही, आणि त्या पोराचा तो वर्षातला एक फोटो असतो. आई-बाप चौकात उभं राहून बघतात तो.

माझी पद्धत अशी. एक गोल नीट बनवायचा, आत फोटो, बाहेर भगवी कड, स्मार्ट ऑब्जेक्ट करायचा. पुढच्या माणसासाठी त्या लेयरवर राइट क्लिक करून "न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी" घ्यायचं. मग लेयरच्या चित्रावर डबल क्लिक केलं की आतली फाइल वेगळी उघडते. तिच्यात फोटो बदलायचा, सेव्ह करायचं, बंद करायचं. फ्लेक्सवर बदल आपोआप येतो.

इथे एक घोळ होतो, माझ्या हातूनही झालाय. कंट्रोल+जे दाबून कॉपी काढली तर दोन्ही गोल आतून एकच राहतात. एकात फोटो बदलला की सगळ्या ४० गोलांत तोच चेहरा. "व्हाया कॉपी"च घ्यायचं, तरच स्वतंत्र होतो.

शाईचा_ठसा

पुण्यात छपाईच्या कामात माझी हयात गेली, म्हणून थोडं मागचं सांगतो. फोटोशॉपमध्ये लेयरच आले १९९४ साली, ३.० मध्ये. त्याआधी सगळं एकाच चित्रावर. एक फोटो दुसऱ्यावर चिकटवला की तो चिकटलाच. आम्ही प्रत्येक टप्प्याला फाइल वेगळ्या नावाने ठेवायचो आणि त्या काळी हार्ड डिस्क केवढ्या असायच्या ते जुन्या लोकांना आठवेल. स्मार्ट ऑब्जेक्ट आले २००५ मध्ये, सीएस२ बरोबर. म्हणजे मधली अकरा वर्षं लेयर होते पण ही सोय नव्हती. तेव्हा लागलेली सवय मी अजून सोडलेली नाही: फाइलच्या तळाशी "मूळ" नावाचा ग्रुप, त्यात प्रत्येक फोटो पूर्ण आकारात, डोळा बंद (म्हणजे लपवलेला), कुलूप लावलेलं. काम करायचं ते कॉपीवर. कॉपी बिघडली तर फेकायची, मूळवरून नवी काढायची.

चाफेकळी, स्मार्ट ऑब्जेक्ट जमत नसेल किंवा दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये काम करायचं असेल, तर ही पद्धत कुठेही चालते.

रेषा

काका, तुमच्या "मूळ" ग्रुपला माझा मान आहे. पण त्यात एक उणीव राहते. कॉपी लहान केली, मग दोन अंश फिरवली, मग अजून थोडी लहान केली, मग एक अंश उलटी फिरवली. प्रत्येक एंटरला पिक्सेल नव्याने मांडले जातात आणि प्रत्येक वेळी थोडी धार जाते. आकार न बदलता नुसता फिरवला तरी जाते. स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये कितीही वेळा हलवा, हिशेब शेवटी मूळवरून एकदाच होतो. शिवाय कॉपीवर काय काय केलं ते नव्या कॉपीवर पुन्हा हाताने करावं लागतं.

शाईचा_ठसा

मान्य. फिरवण्याचा मुद्दा मी पूर्वी कधी इतका नीट मांडलेला ऐकला नव्हता.

मुक्तछंद

माझ्याकडे फोटोशॉप नाही, मी लिनक्सवर गिम्प वापरतो. गिम्प वापरणाऱ्यांनी इथलं वाचून गोंधळू नये म्हणून लिहितो.

गिम्प ३.० मार्च २०२५ मध्ये आलं आणि त्यात फिल्टर मोडतोड न करता लावता येऊ लागले. ब्लर लावला, सेव्ह केला, नंतर उघडून त्याची मात्रा कमी केली, असं चालतं. पण लोक यावरून समजतात की आता लेयरचा आकारही तसाच बदलता येतो. साध्या लेयरला शिफ्ट+एस दाबून लहान केलं की ते कायमचंच. तीच गोष्ट "स्केल लेयर"ची. अक्षरांचा लेयर स्केल टूलने ओढला तर त्याचीही अक्षरं राहत नाहीत, चित्र होतं. अक्षरं मोठी करायची तर फॉन्टचा आकडाच बदलावा.

त्यापुढच्या ३.२ मध्ये लिंक लेयर आले. बाहेरची फाइल जोडायची, लेयर लहान-मोठा करायचा, तो दर वेळी त्या फाइलवरून काढला जातो. हवं होतं ते हेच. फक्त फाइल जागची हलवायची नाही आणि त्या लेयरवर थेट ब्रश चालवायचा नाही.

जुनं गिम्प असेल तर शाईकाकांचा "मूळ" ग्रुप हाच उपाय. आणि स्केल टूलमध्ये एंटर दाबण्यापूर्वी आकार, कोन, सगळं एकदाच ठरवा. "युनिफाइड ट्रान्सफॉर्म" टूलमध्ये आकार बदलणं, फिरवणं, हलवणं एकत्र करता येतं, म्हणजे नुकसान एकदाच.

दूरदेशी

टोरांटोहून लिहितेय. मी मुलांच्या गोष्टींसाठी चित्रं काढते, क्रितामध्ये. क्रिता फुकट आहे आणि त्यात यासाठी ट्रान्सफॉर्म मास्क आहे. लेयरवर राइट क्लिक करून तो जोडायचा, मास्क निवडून कंट्रोल+टी दाबायचं आणि आकार बदलायचा. लेयर तसाच राहतो, बदल मास्कमध्ये. मास्कचा डोळा बंद केला की मूळ चित्र समोर. मला सगळ्यात आवडतं ते असं की खालच्या लेयरवर मी रंगवत राहू शकते. फोटोशॉपच्या स्मार्ट ऑब्जेक्टवर थेट रंगवता येत नाही, आत जावं लागतं. मोठ्या चित्रावर ट्रान्सफॉर्म मास्क जरा जड जातो, मशीन दमतं, पण मी तो सोडणार नाही.

आयपॅडवर प्रोक्रिएट वापरणाऱ्यांसाठी: तिथे असं काही नाही. निवडलेलं असेपर्यंत ओढा, टूल सोडलं की ठरलं. लेयरची एक कॉपी काढून डोळा बंद करून ठेवा.

आणि अ‍ॅफिनिटी कुणी वापरत असेल तर तिथे उलटं आहे. आत आणलेला फोटो इमेज लेयर म्हणून येतो आणि मूळ पिक्सेल सांभाळतो, काही वेगळं करावं लागत नाही. रास्टराइज केलं, म्हणजे साध्या पिक्सेलमध्ये बदललं, की मात्र तो आहे त्या आकाराचा होतो. ते बटण जपून.

पाटीपेन्सिल

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शाळेच्या कॉम्प्युटरवर फोटोशॉप घ्यायला पैसे नाहीत. आम्ही फोटोपी वापरतो, ब्राउझरमध्ये चालतं, पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, उघडतं आणि त्यात स्मार्ट ऑब्जेक्टही आहे. राइट क्लिक करून तसंच बनवायचं. सातवीच्या मुलींनी वार्षिक हस्तलिखिताचं मुखपृष्ठ त्यावर केलं. ए४, ३०० डीपीआय, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. जुन्या मशीनवर सावकाश चालतं, पण चालतं. रेषाताईंची टक्क्यांची खूण उद्याच मुलींना दाखवतो.

फ्लेक्सवाला_कोल्हापूर

कोरलड्रॉचं कुणी बोललं नाही म्हणून. आमच्या निम्म्या दुकानांत अजून कोरलच आहे. कोरलमध्ये इंपोर्ट केलेला फोटो ओढून लहान केला तरी आतले पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त दाट होतात. खालच्या पट्टीत त्याचा खरा डीपीआय दिसतो. फोटो लहान केला की आकडा वाढतो, मोठा केला की कमी होतो. पॉवरक्लिपमध्ये, म्हणजे एखाद्या आकाराच्या चौकटीत, घातला तरी आत पूर्ण फोटो असतो. बिघडतो कधी? "कन्व्हर्ट टू बिटमॅप" किंवा "रीसॅम्पल" केलं की. पोरं सावली सपाट करायला म्हणून कन्व्हर्ट करतात, ७२ वर, आणि मग साहेब मोठा करा म्हणतात.

चाफेकळी

काय लिहू, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. मामाच्या मुलीने स्कॅन करून डॉक्युमेंट म्हणून पाठवला. पुन्हा ६०० डीपीआय. या वेळी प्लेस केला, खूण दिसली, २५ टक्के करून परत १०० केला, जसाच्या तसा. खरंच डोळ्यांत पाणी आलं.

आता दोन शंका. एक, बाकीचे २६ फोटोही मी पेस्टच केले होते. ते सगळे पुन्हा आणायचे का? आहेत तेच आता स्मार्ट ऑब्जेक्ट केले तर? दोन, आईचा फोटो मधोमध १८ इंच उंच करायचा म्हणतोय भाऊ. ६०० डीपीआयचा स्कॅन पुरेल का?

रेषा

दुसरं आधी. बोर्ड १५० डीपीआयचा, १८ इंच म्हणजे २७०० पिक्सेल उंची. तुमच्या स्कॅनची उंची ३६००. म्हणजे ७५ टक्क्यांवर बसतो. पुरून उरतो. १०० टक्क्यांच्या पुढे मात्र जाऊ नका, स्मार्ट ऑब्जेक्ट असला तरी तिथून पुढे अंदाजच सुरू होतो. आत जे नाही ते तो कुठून आणणार? पासपोर्टएवढा जुना फोटो मोठा करायचा असेल तर मूळ फोटोच १२०० डीपीआयवर स्कॅन करावा.

आता पहिलं. जो फोटो आधीच लहान झालाय त्याला आत्ता स्मार्ट ऑब्जेक्ट केलं तर आतला लहान फोटोच जपला जातो. १०० टक्के म्हणजे तोच लहान आकार. पुढचं नुकसान थांबतं, मागचं भरून येत नाही. हीच चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलीय.

सगळे २६ पुन्हा आणायची गरज नाही. जे कोपऱ्यात लहान आहेत आणि तसेच राहणार आहेत ते आहेत तसे छान छापले जातील. जे वाढण्याची शक्यता आहे, म्हणजे वडिलांबरोबरचा, तुम्हा भावंडांचा, तेवढे पुन्हा प्लेस करा. आणि सगळे एकदम निवडून कन्व्हर्ट करू नका, त्यांचा मिळून एकच स्मार्ट ऑब्जेक्ट होतो. एकेक करा.

मुक्तछंद

एक भर. संपूर्ण बोर्डच लहान करायचा झाला, समजा वॉट्सअ‍ॅपला पाठवायला, तर "इमेज साइज" मूळ फाइलवर करून सेव्ह करू नका. साधे लेयर सगळे लहान होऊन बसतील. जेपीजी एक्स्पोर्ट करून तोच लहान करा.

चाफेकळी

नवीन अडचण. आईच्या फोटोमागचा स्टुडिओचा पडदा काढायचा होता. स्मार्ट ऑब्जेक्टवर लेयर मास्क (नको तो भाग झाकणारा पडदा) लावून रविवारभर बसून केसांच्या कडा नीट केल्या, ती बटसुद्धा. मग बघायला म्हणून लहान केला, परत मोठा केला. चेहरा लख्ख, पण कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या आणि बट भुरकट! मूळ तर आत शाबूत होतं ना?

रेषा

अरेरे. हे मी आधीच सांगायला हवं होतं, माफ करा.

फोटो स्मार्ट ऑब्जेक्टच्या आत असतो, पण त्यावर बाहेरून लावलेला मास्क साधा पिक्सेलचाच असतो. तुम्ही लहान केलंत तेव्हा फोटो आत सुरक्षित राहिला आणि त्याला साखळीने जोडलेला मास्क मात्र लहान होऊन बसला. मोठा करताना त्याचा खवा झाला.

उपाय असा की मास्क आत न्यायचा. स्मार्ट ऑब्जेक्टवर डबल क्लिक करा, आतली फाइल उघडेल. तिथे फोटो पूर्ण आकारात आहे. बॅकग्राउंड म्हणून कुलूप असेल तर ते काढा, मास्क तिथेच लावा, कडा तिथेच करा. सेव्ह, बंद. बाहेर बोर्डवर पडदा गेलेला दिसेल. आता मास्क आत फोटोबरोबर मूळ आकारात आहे, बाहेरून कितीही ओढा. सेव्ह करताना "सेव्ह अ‍ॅज" करून दुसरीकडे ठेवू नका, नुसतं सेव्ह, नाहीतर बदल बोर्डवर येत नाही. आत उघडलेली फाइल जेपीजी असेल तर तिच्यात लेयर राहत नाहीत, प्रोग्रॅम वेगळी पीएसडी करायला सांगेल. म्हणून बोर्डवरच्या फोटो-लेयरवर, डबल क्लिकच्या आधी, पुन्हा एकदा "कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट" करा. मग आत मोठ्या आकाराची लेयरवाली फाइल मिळते. हे करताना लेयर १०० टक्क्यांवर हवा, कारण बाहेरचा नवा डबा त्या क्षणीच्या आकाराचा बनतो.

चौकटीचंही हेच. फोटोला १० पिक्सेलची पांढरी कड बाहेरून स्ट्रोकने दिली असेल तर फोटो लहान झाला तरी कड १०च राहते आणि जाड दिसते. फ्लेक्सवाले दादा कडेसकट गोल आत ठेवतात ते यासाठीच.

फ्लेक्सवाला_कोल्हापूर

बरोबर. मी हे का करतो ते मला आज कळलं. दुकानात आधीच्या माणसाने शिकवलं तसं करत होतो.

ताई, फाइल छापायला देताना एक बघा. फोटो "प्लेस लिंक्ड"ने आणलेले असतील तर ते तुमच्या लॅपटॉपवर राहतात आणि आमच्याकडे नुसती बोर्डाची फाइल येते. छापायच्या वेळी फोटो सापडत नाही म्हणून सांगतं. एम्बेडेड असतील तर प्रश्न नाही. लिंक्ड असतील तर फाइल मेनूतलं "पॅकेज" करा, सगळं एका फोल्डरात येतं. छापखान्याला शेवटी सपाट टिफ किंवा पीडीएफ द्या, पण सपाट केलेली वेगळी फाइल. लेयरवाली घरी ठेवा.

शाईचा_ठसा

अवांतर होईल, पण नावं आणि तारखा लिहिणार असाल तर तो अक्षरांचा लेयरही रास्टराइज करू नका. अक्षरं अक्षरंच ठेवली तर कितीही मोठी करा, कड धारदार राहते. आणि जोडाक्षरं फुटत असतील, म्हणजे "सहस्रचंद्रदर्शन" मधला "स्र" सुटा दिसत असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली दक्षिण आशियाई भाषांचं इंजिन निवडा. जुन्या आवृत्त्यांत ते "मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन" नावाने आहे, नव्यांत "वर्ल्ड-रेडी लेआउट".

पाटीपेन्सिल

धागा वाचनखुणांत साठवला. शाळेच्या वहीत टिपूनही घेतलं.

चाफेकळी

बोर्ड काल छापून आला. या वेळी मास्क आत जाऊन केला, दोन संध्याकाळ लागल्या. भावाने शेवटच्या दिवशी आईचा फोटो अजून थोडा लहान करून शेजारी वडिलांचा घ्यायला सांगितलं. मी कंट्रोल+टी दाबलं, वर ७५ टक्के दिसत होतं, तिथे ६० लिहिलं. पाच सेकंदांचं काम, आणि हात थरथरला नाही.

"स्र" सुटाच येत होता, काकांनी सांगितल्यावर नीट झाला. स्कॅनची मूळ फाइल आता लॅपटॉपवर, ड्राइव्हवर आणि भावाकडे आहे.

काल रात्री आईला आधीच दाखवला. तिने चष्मा काढून, अगदी जवळ जाऊन बघितला. म्हणाली, ही नथ आजेसासूबाईंची, नंतर मोडली. मला तोवर माहीत नव्हतं. मग आम्ही दोघींनी मिळून मोती मोजले. सात आहेत.